घराला लाकूड वापरले तर जंगलतोडीला हातभार लागतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कळंब्याजवळ आपल्या घराचे बांधकाम स्लॅबपर्यंत आले आहे आणि आता दारे-खिडक्यांचे ठरवायचे आहे. सासऱ्यांचा आग्रह सागवानी चौकटींचा आहे. महाविद्यालयात शिकणारी मुलगी म्हणते की लाकूड घेणे म्हणजे जंगल तोडणाऱ्यांच्या हाती पैसे देणे, त्यापेक्षा सगळे अ‍ॅल्युमिनियमचे आणि यूपीव्हीसीचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, करावे. आपण स्वतः लिहिले आहे की वन खाते आणि लाकूडवाले या दोघांवरही आपला विश्वास नाही, मग ऐकायचे कोणाचे?

माझी कोल्हापुरात लाकडाची वखार आहे आणि तिच्या मागेच दारे-चौकटींचा कारखाना आहे. गेली तीसेक वर्षे माझे पोट लाकडावर चालते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे. मात्र याच धंद्यामुळे लाकूड कुठून येते, कोण तोडते, कोणत्या कागदावर येते आणि घरात गेल्यावर किती वर्षे टिकते, हे मला रोज पाहावे लागते, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: झाड तोडणे, जंगल नष्ट होणे आणि लाकूड वापरणे. बोलताना आपण सगळेच त्या एक समजतो. प्रत्यक्षात झाड तोडले म्हणजे जंगल गेलेच असे नाही, आणि एकही फळी बाजारात न येता अख्खे जंगल जाऊ शकते. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला पाहा. शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या भागांतले सडे, म्हणजे कातळाची पठारे, आणि रान बॉक्साइटच्या खाणींसाठी खणले गेले, कुठे धरणाच्या पाण्याखाली गेले, कुठे फार्महाऊसचे प्लॉट पडले, आणि दर उन्हाळ्यात वणव्याने नवी रोपे जळतात ती वेगळीच. यातल्या कोणत्याही कारणाचा आपल्या घराच्या चौकटीशी संबंध नाही. जंगल जाते ते मुख्यतः जमिनीचा वापर बदलल्यामुळे. एकदा जमीन दुसऱ्या कामाला गेली की तिथे पुन्हा अंजनी, पिसा, जांभूळ उगवत नाहीत.

तरीही आपल्या मनातला अविश्वास निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. लाकडाच्या धंद्याने आणि सरकारी वनव्यवस्थेने तो आपल्या हाताने कमावला आहे. इंग्रजांनी १८६४ मध्ये वन खाते उभे केले, त्यामागे रेल्वेच्या स्लीपरसाठी लागणाऱ्या लाकडाची चिंता मोठी होती, आणि १८७८ च्या कायद्याने गावकऱ्यांचे रानावरचे हक्क आवळले गेले. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ जंगलाकडे कच्च्या मालाचे कोठार म्हणूनच पाहिले गेले. राष्ट्रीय कृषी आयोगाच्या १९७६ च्या अहवालात तर कमी उत्पन्नाच्या मिश्र जंगलांच्या जागी उद्योगाला उपयोगी पडतील अशा लागवडी कराव्यात, असा स्पष्ट विचार होता. त्या काळात अनेक ठिकाणी मिश्र रान साफ करून एकाच जातीचा साग किंवा निलगिरी लावली गेली. सागाच्या ओळी कागदावर जंगल म्हणून मोजल्या गेल्या, पण पक्ष्याला, मधमाशीला किंवा औषधी मुळ्या शोधणाऱ्या माणसाला त्यात जंगल सापडले नाही. पुढे १९९० च्या दशकात "सागवानात पैसे गुंतवा, वीस वर्षांनी लखपती व्हा" अशा योजनांच्या जाहिराती निघाल्या आणि त्यांत असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांचे पैसे बुडाले. ज्यांच्या घरात हे घडले, त्यांना वनीकरण हा शब्द ऐकला तरी राग येतो, आणि तो योग्यच आहे.

पण त्यानंतर बरेच काही बदलले आहे आणि आपल्या निर्णयासाठी तेच महत्त्वाचे आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यावर केंद्राची परवानगी आली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगलाचे पहिले काम पर्यावरणाचा तोल राखणे हे आहे, उत्पन्न त्यानंतर, असे ठरवले आणि लाकडावर चालणाऱ्या उद्योगांनी आपला माल शेतकऱ्यांकडून मिळवावा, असा मार्ग दाखवला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन या जंगलरक्षणाच्या खटल्यात दिलेल्या आदेशानंतर मंजूर कार्ययोजनेशिवाय, म्हणजे कुठे किती तोडायचे याच्या सरकारमान्य आराखड्याशिवाय, जंगलात कुऱ्हाड चालवता येत नाही. त्याच प्रकरणातल्या पुढच्या आदेशांनी नव्या सॉ मिलच्या परवान्यांवरही कडक बंधने आली. त्यामुळे आमच्या धंद्यातले अनेक जण नाराज झाले. मला मात्र तो आदेश आवश्यकच वाटला आणि आजही वाटतो.

आज कोल्हापूरच्या बाजारात आपण जे लाकूड पाहता, त्यातले सरकारी जंगलातले फार थोडे असते. सागाचे चांगले ओंडके वन विभागाच्या आणि वनविकास महामंडळाच्या आगारांतून लिलावाने येतात, बल्लारशाचा माल त्यात नावाजलेला. खालच्या बाजूने कर्नाटकातून दांडेलीचा साग येतो. याखेरीज घाना, नायजेरिया, बेनिन, कोस्टा रिका, इक्वेडोर अशा देशांतला लागवडीचा साग जहाजाने येतो. खोक्यांचे आणि पॅलेटचे पाइन मुख्यतः न्यूझीलंडचे असते आणि कांडल्याच्या बंदरातून वर येते. प्लायवूडच्या आतला थर बघाल तर हरियाणातल्या यमुनानगरकडचे पॉपलर आणि निलगिरी, किंवा केरळातल्या पेरुंबवूरकडचे रबरवूड. रबराच्या झाडाचा चीक पंचवीस-तीस वर्षांनी आटला की ते तोडावेच लागते. पूर्वी ते सरपणाला जाई, आता त्याचे फर्निचर होते. देशभरात कारखान्यांना लागणारे बहुतेक लाकूड जंगलाबाहेरच्या झाडांतून, म्हणजे शेत, बांध आणि खासगी लागवडीतून येते. २०२३ च्या वनस्थिती अहवालात अशा झाडांची वार्षिक उत्पादनक्षमता सुमारे नऊ कोटी घनमीटर धरली आहे.

या आकड्याचा अर्थ कळायचा तर पन्हाळ्याच्या किंवा शाहूवाडीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहावे लागते. आपल्याकडे ऊस हेच पीक. बांधावरच्या झाडाच्या सावलीत दोन-चार सऱ्या ऊस खुरटतो, मुळ्या पाणी ओढतात, ट्रॅक्टर वळवताना बुंधा आडवा येतो. शेतकरी हे सारे तोंडपाठ सांगतो आणि त्याचे सांगणे खरे असते. मग तो झाड का ठेवील? सावलीसाठी एखादे ठेवील, आंब्या-फणसासाठी दोन ठेवील. बाकीची ठेवील ती मुलीच्या लग्नाला, विहिरीच्या कामाला किंवा आजारपणाला त्या झाडाचे पैसे होतील, या भरवशावर. लाकडाला भाव असेल आणि ते विकण्याची वाट सोपी असेल, तर बांधावर झाड उभे राहते. भाव नसेल तर जेसीबी येतो, झाड मुळासकट निघते आणि भट्टीच्या सरपणाला जाते. मी असे कितीतरी बांध बोडके झालेले पाहिले आहेत. शहरातल्या सुजाण माणसाने "मी लाकूड वापरणार नाही" असे ठरवले, तर त्याचा पहिला फटका जंगलचोराला बसत नाही, या बांधावरच्या झाडाला बसतो. आपल्या मुलीला मला सर्वांत मनापासून हेच सांगायचे आहे.

कायद्याची बाजूही इथे आड येते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ, हिरडा अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हेतू चांगला आहे. पण सातबारा, मोजणी, पंचनामा, परवाना, वाहतूक पास या फेऱ्यांना कंटाळून लहान शेतकरी व्यापाऱ्याला उभे झाड निम्म्या किमतीत देऊन मोकळा होतो, आणि पुढच्या खेपेला साग लावतच नाही. तो निलगिरी किंवा सुबाभूळ लावतो, कारण त्यांना वाहतूक परवान्यातून सूट आहे. म्हणजे देशी झाडाच्या रक्षणासाठी केलेल्या नियमामुळे बांधावरून देशी झाडच हटते. बांबूचे उदाहरण याच्या उलट आहे. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला आणि शेतकऱ्याला तो स्वतःच्या पिकासारखा तोडता-विकता येऊ लागला. भुदरगड, शाहूवाडीकडे माणगा जातीच्या बांबूच्या लागवडीबद्दल शेतकरी आता आपणहून चौकशी करतात.

आता लाकूड घरात आल्यावर काय होते, ते पाहू. सात फूट उंच, तीन फूट रुंद दाराच्या, चार इंच बाय अडीच इंच जाडीच्या चौकटीला उंबऱ्यासह साधारण दीड घनफूट लाकूड लागते. वाळलेल्या सागाचे ते पंचवीस किलोच्या आसपास भरते आणि त्यात जवळजवळ निम्मे वजन कार्बनचे असते. झाडाने तो कार्बन हवेतून घेतलेला आहे. चौकट जितकी वर्षे टिकेल तितकी वर्षे तो तिथेच बंद राहतो. म्हणून लाकूड वापरावे की नाही, यापेक्षा ते किती वर्षे वापरात राहील, हा प्रश्न मला मोठा वाटतो. ज्या झाडाला वाढायला चाळीस वर्षे लागली, त्याची वस्तू चाळीस वर्षे टिकली पाहिजे, म्हणजे तेवढ्या काळात त्या झाडाच्या जागी दुसरे उभे राहते.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या भागांतले जुने वाडे उतरवले जातात, तेव्हा त्यांतल्या तुळया आणि कडीपाट आमच्याकडे कापायला येतात. वरून तुळई काळी, तेलकट, धुराने माखलेली, भुंग्याच्या भोकांनी भरलेली असते. आम्ही आधी तिच्यावरून चुंबक फिरवतो, जुने चौकोनी खिळे एकेक करून उपटतो, कारण एक खिळा राहिला तरी करवतीचे पाते फुटते. मग पहिला काप निघतो. कडेचा बोटभर पांढरा भाग किडीने खाल्लेला असतो आणि आत गाभा असा निघतो की जणू झाड काल तोडले आहे: सोनेरी-तपकिरी, बारीक दाट वलयांचा, हाताला किंचित तेल लागणारा, आणि सागाचा तो उग्र वास साऱ्या कारखान्यात पसरतो. शंभर वर्षे छप्पर पेलून झाल्यावर त्या तुळईतून पुन्हा चौकटी निघतात. असे लाकूड घेण्यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही.

याच्या उलट चित्र २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर दिसले. पंचगंगेचे पाणी ओसरल्यावर शाहूपुरीत, दुधाळीत, प्रयाग चिखलीत आणि आंबेवाडीत लोकांनी घरातले सामान बाहेर काढले, तेव्हा रस्त्याकडेला फुगलेल्या पार्टिकल बोर्डाचे आणि एमडीएफचे ढीग लागले होते. भुसा आणि डिंक दाबून केलेली ती कपाटे बिस्किटासारखी विरघळली होती आणि त्यांतले काहीही पुन्हा वापरता येणार नव्हते. सागाची दारे मात्र फुगून चौकटीत अडकली होती. ती सावलीत वाळू दिली, मग रंधा मारून कडा सारख्या केल्या आणि बिजागऱ्या बदलल्या, की परत लागली. लोक दाराच्या लाकडाबद्दल काळजी करतात, कारण ते डोळ्यांना लाकूड म्हणून दिसते. पण दर आठ-दहा वर्षांनी उखडून टाकायचे मॉड्युलर स्वयंपाकघर आणि भिंतभर कपाटे यांत गेलेले लाकूड सनमायकाखाली झाकलेले असते, त्यामुळे त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. जंगलाची चिंता करणाऱ्याने तिथे आधी लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.   

पर्यायांबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम बॉक्साइटपासून होते, आणि बॉक्साइट कुठून निघते हे वर आलेच आहे. शिवाय धातू गाळताना एका किलोला तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. मात्र ते वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते, पावसाला दाद देत नाही आणि सरकत्या खिडकीसाठी त्याच्यासारखे हलके दुसरे काही नाही. यूपीव्हीसी खनिज तेल आणि क्लोरीन यांच्यापासून बनते, वाळवी त्याला लागत नाही, पण तडकले तर दुरुस्त होत नाही. न्हाणीघराला मी स्वतः ग्रॅनाइटची चौकट आणि फायबरचे किंवा डब्ल्यूपीसीचे (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेले) दार सुचवतो. रोज पाणी लागणाऱ्या जागी सागवान घालणे म्हणजे चांगले लाकूड वाया घालवणे. इथे माझ्या धंद्याचे नुकसान झाले तरी चालेल.

कोणते लाकूड घ्यावे, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. म्यानमारचा साग मी आपल्याला घ्यायला सांगणार नाही. त्या देशाने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली असली तरी कापलेला माल येत राहतो, तिथली नैसर्गिक सागाची जंगले भयंकर झडली आहेत आणि २०२१ पासून त्या व्यापाराचा पैसा लष्करी राजवटीकडे जातो. पंधरा-वीस वर्षांच्या शेतातल्या सागाला लोक कच्चा म्हणून नाके मुरडतात, आणि त्यात पांढरा भाग जास्त असतो हे खरे आहे. पण गाभ्याचा भाग निवडून घेतला आणि उरलेल्याला बोरॅक्स-बोरिकचे द्रावण पाजले, तर आतल्या दारांना तो उत्तम चालतो आणि पैसा शेतकऱ्याकडे जातो. फणस चौकटीला मजबूत असतो, रंगही सुरेख धरतो. सिल्व्हर ओक आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचेही, नीट वाळवून प्रक्रिया केली तर, फर्निचर चांगले होते. बजेट कमी असेल तर संपूर्ण घर सागाचे करण्याच्या हट्टापेक्षा हे मार्ग शहाणपणाचे आहेत.

विश्वासाचा प्रश्न उरतो. माझ्यावर किंवा कोणा वखारवाल्यावर भरवसा ठेवा असे मी म्हणत नाही, आपण कागद मागा. सरकारी आगारातल्या ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का आणि नंबर असतो. लिलावाचा आणि वाहतुकीचा परवाना त्या नंबराशी जुळला पाहिजे. शेतकऱ्याच्या सागाला तोडीची परवानगी आणि वाहतूक पास असतो, त्यावर गाव, गट नंबर आणि घनमीटर लिहिलेले असतात. आयात मालाला बंदरावरची कागदपत्रे असतात. मापात कापून ठेवलेल्या लाकडावर शिक्का राहत नाही, म्हणून वखारवाल्याची नोंदवही पाहायला मागावी. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा शिक्का आपल्याकडच्या किरकोळ बाजारात क्वचितच दिसतो, त्यामुळे तो नाही म्हणून माल चोरीचा, असे मानू नये. पण जो "कागद कशाला, माल बघा की" म्हणतो आणि बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दर सांगतो, त्याच्याकडून उठून यावे. राधानगरीच्या रानातून रात्री निघालेला माल असाच विकला जातो. आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनी कागद मागायला सुरुवात केली, तर प्रामाणिक वखारवाल्याला त्याचा फायदाच होईल.

आपल्या घरापुरते सांगायचे तर मी असे करीन. मुख्य दाराची चौकट आणि दार जुन्या वाड्याच्या सागातून काढीन, म्हणजे सासऱ्यांची इच्छाही राहील. आतल्या चार चौकटी परवान्याच्या शेतसागाच्या किंवा फणसाच्या, न्हाणीघरे ग्रॅनाइटची, रस्त्याकडच्या सरकत्या खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या. कपाटांना शक्य तिथे घट्ट लाकडाचे सांगाडे आणि चांगल्या प्रतीचे प्लाय, पार्टिकल बोर्ड कुठेही नाही. कोणतीही चौकट ओल्या लाकडाची घेऊ नये. कापलेला माल निदान दोन-तीन महिने सावलीत, मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल असा रचून ठेवायला सांगावे, आणि भिंतीला लागणाऱ्या बाजूला वाळवीचे औषध लावल्याशिवाय ती बसवू देऊ नये. लाकूड निवडायला येताना मुलीलाही बरोबर घेऊन यावे. कागद तिनेच तपासावेत, आणि तिला पटले नाही तर त्या दिवशी काही विकत घेऊ नये.